विश्रांतवाडीचा गरम नळ

डिसेंबरच्या गारठ्यात विश्रांतवाडीतल्या त्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबुरावांच्या भिंतीवरच्या नळापुढे बाटल्या, कळश्या, थर्मास घेऊन रांग लागली होती आणि शेजारी पाटावर अग्नेश्वर महाराज बसले होते. ना चूल, ना वीज, तरी महाराजांनी हात ठेवला की नळाला गरम पाणी!

"आधी येतं ते गार पाणी म्हणजे तुमचं पाप," महाराज सांगत होते. "ते वाहून जाऊ द्या. मग येते ती माझी कृपा. गुडघे, दमा, नोकरी, सगळ्यावर एकच औषध!"

भिंतीपलीकडे मैत्री कपाळाला हात लावून बसली होती. बाबुरावांच्या शेडमध्ये ती शोभेच्या माशांची पिल्लं वाढवायची. टाक्यांतलं पाणी अठ्ठावीस अंशांवर राहावं म्हणून तिने गच्चीवर सोलर बसवला होता. तो नळही त्याच पाइपवरचा, टाक्या धुवायचा. आठवडाभर तिने ज्याला त्याला हे सांगून पाहिलं. ऐकतो कोण? उलट तिने चमत्कारात खोडा घालू नये म्हणून घरमालक बाबुरावांनी गच्चीलाच कुलूप घातलं. गरम पाणी सगळं रांगेतच संपत होतं; आज टाक्यांत एकवीस अंश होते आणि पिल्लं तळाशी पडत होती.

ती तडक बाहेर आली. किल्ली रांगेत उभ्या असलेल्या बाबुरावांच्या मावशी, सुशीलाबाईंच्या कमरेला होती.

"मावशी, या पाण्याने गुडघे बरे झाले म्हणता ना? मग चला गच्चीवर."

चारचौघांत नाही कसं म्हणणार? कठड्याला धरून, कण्हत कण्हत सुशीलाबाई वर पोचल्या. मैत्रीने त्यांच्याच हाताने सोलरचा कॉक बंद करवला.

खाली नळ कोरडा पडला. महाराजांनी मंत्र पुटपुटले, नळ थोपटला. "गर्दीत कोणीतरी पापी आहे!"

"मावशी, सोडा आता!" मैत्री म्हणाली. नळाला आधी गार, मग वाफाळतं पाणी आलं.

वरून वाकून बघणाऱ्या सुशीलाबाई चकित झाल्या. "अगं, आमच्या न्हाणीतही अस्संच येतं! गार पाइपातून येताना आधीचं पाणी गार होतं ना. पण ते सोलरचं..."

"आणि हे कशाचं?"

गल्लीत घरोघरी सोलर होता. रोज सकाळी हीच माणसं आपलं पाप बादलीत धरून कुंड्यांना घालत होती!

दोघी खाली येईपर्यंत महाराज पसार झाले होते. तरी एक शर्ट-पँटवाले काका थर्मास घेऊन पुढे आले. "सोलरचं असलं म्हणून काय झालं? महाराजांचा हात लागलाय. एवढा भरून द्या."

मैत्रीचा संयम संपला. तिने शेडमधून मेलेल्या पिल्लांची जाळी आणून त्यांच्यापुढे धरली.

"यांच्या वाट्याची ऊब तुम्ही कृपा म्हणून घरी नेलीत, काका. उत्तर गच्चीवर होतं. हात जोडण्याआधी एकदा वर चढून बघायला काय झालं होतं?"