तीनशे माणसं आणि एक चादर

महाराज, तुम्ही रेणूला तीन दिवस दवाखान्यात जाऊ दिलं नाही. हा आरोप मी तुमच्या तोंडावर करतो.

पवनीत वैनगंगेच्या काठावर तुमचा मांडव होता. विणकर टेकचंदची अकरा वर्षांची रेणू तापानं फणफणलेली. तुम्ही रोज तिची चादर नव्यानं नदीत बुडवून तागडीच्या एका टोकाला टांगली, दुसऱ्या टोकाला तेवढ्याच भाराचा दगड. म्हणालात, "हे रोगाचं ओझं. प्रार्थनेनं हलकं होईल. तोवर औषधाला शिवायचं नाही."

पहिल्या दिवशी चाळीस माणसं जमली. सावलीत पाच मिनिटं प्रार्थना. चादर ढिम्म. "माणसं कमी पडली." दुसऱ्या दिवशी शंभर. तेच. रेणूची आई शेवंताबाई घरोघर फिरली, "माह्या पोरीसाठी हात जोडा, बापा." तिसऱ्या दिवशी तीनशे आले. तुम्ही तागडी उन्हात मांडली आणि तासभर प्रार्थना चालवली. चादर वर गेली. लोक तुमच्या पाया पडले. रेणूला तेव्हा आई ओळखू येत नव्हती.

शेजारची आनंदाबाई उठली. चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई. तिनं चादर चाचपली.

"महाराज, हे तं वाळली."

"बाई, श्रद्धा ठेवा."

"ठेवतो ना. पण ओलं सूत वजनात जास्त भरते. व्यापारी आमाले असाच गंडवते."

तिनं तांब्याभर पाणी चादरीवर ओतलं. चादर खाली आली. तीनशे माणसांचे हात जोडलेलेच होते.

"रोग वापस आला का, महाराज?"

तुम्ही डोळे मिटले.

"टेकचंद, पाहून काय राहिला? पोरीले उचल."

"पण काकी, महाराज म्हणत होते..."

"महाराज ध्यानात गेले. तू दवाखान्यात जाय."

गर्दीतल्या नत्थूनं मोटारसायकल काढली. भंडाऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "टायफॉइड आहे. फार उशीर केलात." रेणू वाचली. उजव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही.

त्या तीनशेंत साठ जणांकडे तरी मोटारसायकल होती. शेवंताबाईनं हात जोडायला सांगितलं, म्हणून त्यांनी हातच जोडले. लोकहो, शेजाऱ्याला बोलवा, जरूर बोलवा. पण काम सांगा.

आणि महाराज, तुमचा देव एका आईचं ऐकत असेल, तर बाकीची माणसं कशाला गोळा केलीत? तो डोकी मोजूनच ऐकत असेल, तर ज्याचं जगात कोणी नाही त्यानं काय करायचं? दोन्हींपैकी एक खरं असेल. कोणतं ते सांगा. लेखी सांगा.