पियानोच्या आकाराची सीलबंद पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या मापाचं कपाट अजून कुणाला बनवता आलेलं नाही. पेटी म्हटल्याबरोबर भाता हलवायला येऊ नका. मी वाजवायची पेटी नव्हे, सीडी ठेवायची पेटी. एका म्हाताऱ्या पियानोवादकानं आयुष्यभरात जे जे वाजवलं, ते सगळं माझ्या पोटात आहे. म्हणजे, होतं. तेच सांगायला बसले आहे. मी चिडलेली आहे, तेव्हा मध्येच आवाज चढला तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या कारखान्यात झाला. सीडी ठेवायला चौकोनी खोका पुरतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पण कंपनीतल्या एका डिझायनरच्या डोक्यात आलं की पियानोवादकाची पेटी पियानोच्याच आकाराची हवी. झालं! माझी एक बाजू सरळ, दुसरी कमरेत वळलेली, वर उघडणारं झाकण आणि रंग काळा कुळकुळीत. आकार प्रवासाच्या मोठ्या बॅगेएवढा. मला टेबलावर ठेवल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही बया घरात ठेवायची कुठे, असं मात्र त्यातल्या एकानंही विचारलं नाही.

आत प्रत्येक सीडीला तिचा तिचा गोल खळगा होता. सीडी हलू नये म्हणून वर पातळ स्पंजाची एकेक चकती दाबून बसवली होती. तो स्पंज नवा होता तेव्हा काय मऊ होता म्हणून सांगू! मला वाटलं, काय लाड चाललेत माझे! मग अंगाला घट्ट चिकटणारं प्लास्टिक चढलं आणि त्यावर एक सोनेरी चिठ्ठी लागली. ‘सगळ्या मैफली संपूर्ण. मूळ आवाज, कुठेही काटछाट नाही.’ त्या चिठ्ठीमुळेच मी या घरात आले.

मला आणलं एका चष्मेवाल्यांनी. रस्त्याच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस कामाला चोख. काचेवर बोटाचा ठसा दिसला की यांच्या कपाळाला आठ्या. आणि मोठमोठ्या सीडीपेट्या जमवायच्या, हा त्यांचा छंद. छंद म्हणा, खूळ म्हणा, त्यासाठी घरातली एक अख्खी खोली त्यांनी अडवली होती. पण मला आणण्यामागे कारण वेगळं होतं. मला दोन्ही हातांत धरून, दारातून आडवे होत ते आत शिरले आणि ओरडले, “अगं ए, बघ काय आणलंय! आपली संध्याकाळ आहे यात!”

त्यांच्या बायकोला शेजारीपाजारी बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. बाई घरी पडदे शिवायच्या. मशीन थांबवून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “अहो, ते आधी दारातून आत येतंय का ते तरी बघा.”

ती संध्याकाळ कसली ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तेव्हा दोघांची ओळखसुद्धा नव्हती. सभागृहात खुर्च्या तेवढ्या शेजारी आल्या होत्या. म्हातारा पियानोवादक इतकं हळू वाजवत होता की लोकांनी श्वास रोखून धरले होते, आणि नेमका तेव्हाच बाईंना खोकला आला. एकच, पण चांगला भरभक्कम. चष्मेवाल्यांनी खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. मग त्यांनाच दया आली आणि त्यांनी खिशातून पेपरमिंटची गोळी काढली. नुसती द्यायची की नाही? नाही! कागद सोडवून देण्याचं सौजन्य दाखवायला गेले. कागद चुरचुरायला लागला. आवाज होऊ नये म्हणून ते हळू सोडवायला लागले, तशी चुरचुर आणखी लांबली. शेवटी दोघंही तोंडावर हात दाबून हसत बसली. मध्यंतरात ओळख झाली आणि पुढे लग्नही झालं.

तेव्हापासून त्या घरात एकच भांडण चालू होतं. मैफलीचा विचका नक्की कुणी केला?

“खोकला कसला, तोफ होती तोफ!” चष्मेवाले म्हणायचे.

“माझा खोकला आला आणि गेला,” बाई म्हणायच्या. “तुमचा तो कागद संपता संपत नव्हता. माझ्यापेक्षा तुमचाच आवाज मोठा होता.”

त्यांची लेक या भांडणावरच लहानाची मोठी झाली. जेवताना भाजीत मीठ जास्त पडलं तरी गाडी फिरून फिरून खोकल्यावर यायची. आणि आता तर प्रत्यक्ष साक्षीदार घरात आलेली होती, म्हणजे मी. कुठेही काटछाट नाही म्हटल्यावर खोकलाही असणार आणि चुरचुरही असणार. बाई एकदम खुलल्या. कापड बाजूला सारून कात्री घेऊनच पुढे आल्या. “आणा इकडे. होऊनच जाऊ दे निकाल!”

चष्मेवाल्यांनी मला छातीशी कवटाळलं. “अगं थांब, थांब! सील आहे ते!”

“मग? सील फोडायलाच असतं ना?”

“तसं नाही गं. एकदा फोडलं की फोडलं. अशी पेटी परत मिळायची नाही. आपण ऐकायला दुसरी एखादी बघू, वापरलेली. ही अशीच राहू दे.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. मला तेव्हाच रडू फुटायचं बाकी राहिलं होतं. अहो, माझ्या पोटात तुमच्या दोघांचं अख्खं लग्न आहे, आणि तुम्हाला माझ्या प्लास्टिकची काळजी!

मग सुरू झाला मला ठेवण्याचा तमाशा. कपाटात मी उभी राहीना. आडवी घातली तर दार लागेना. सुतार बोलावला. त्यानं माझ्या कमरेला टेप लावली, काढली, पुन्हा लावली. “साहेब, हिला कोपराच नाही. भिंत वाकवून देऊ का?” म्हणाला आणि गेला. मग बाईंचा कापडाचे तागे ठेवायचा खालचा कप्पा रिकामा झाला. तिथे मला आडवी निजवली. तागे गेले जेवणाच्या टेबलाखाली, आणि तेव्हापासून त्या घरात सगळे पाय अवघडून जेवायचे.

पण मी एकटी असते तर निभावलं असतं. पुढे एक पेटी आली ती पत्र्याच्या ट्रंकेसारखी. एक आली ढोलासारखी गोल. एकीला चक्क चाकं होती! कंपन्यांना कुणी सांगितलं होतं हे सगळे धंदे करायला? मोठी मी, आडवी मी आणि वरून सपाटही मीच. त्यामुळे येईल ती माझ्या उरावर. माझ्या वळलेल्या कमरेपाशी जी फट राहायची, तिथे आणखी दोन छोट्या पेट्या ठोकून बसवल्या. मी तिथे पाया झाले, मित्रांनो. पायाला कुणी विचारतं का कधी?

“अहो, माणसांनी कुठे राहायचं, तेवढं एकदा सांगून ठेवा,” बाई म्हणायच्या.

“दुकान लेकीकडे सोपवलं ना, की एकेक काढून निवांत ऐकू,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांनी मला जपलं नाही असं मात्र म्हणणार नाही. माझी जी एक कड बाहेर दिसायची, ती ते चष्म्याच्या मऊ कापडानं पुसायचे. ओल शोषणाऱ्या पुड्या आणून ठेवायचे. ऊन येऊ नये म्हणून खिडकीला दुहेरी पडदा लावला, तोही बाईंनीच शिवून दिला. बाहेरून मला ऊन नाही, वारा नाही, धूळ नाही. आणि आत? आत तो लाडाचा स्पंज नासायला लागला होता. आधी पिवळा पडला. मग चिकट झाला. मग विरघळून सीडीच्या चंदेरी अंगात उतरायला लागला. मला आतून नुसती खाज सुटायची. अहो चष्मेवाले, ते कापड ठेवा बाजूला आणि मला उघडा हो! पण पुठ्ठ्याचं कोण ऐकतं? त्यातून वर सील.

बाई मधूनमधून आठवण करायच्या. वाढदिवसाला करायच्या, लग्नाच्या दिवशी करायच्या. एकदा लेकीनं ती मैफल फोनवर शोधून काढली. तिघंही कान लावून बसली. हळू वाजवायची जागा आली आणि गेली, पण खोकला नाही की चुरचुर नाही. फोनवरची मैफल कुणीतरी धुऊन पुसून स्वच्छ केली होती. “घ्या! आपल्याला काढूनच टाकलं की!” बाई हसल्या खऱ्या, पण नंतर बराच वेळ त्यांचं मशीन काही चाललं नाही.

मग त्या आजारी पडल्या. छातीचं दुखणं निघालं. जिने चढवेनात, बोलताना दम लागायला लागला. घरातली शांत खोली एवढी एकच, म्हणून त्यांचा पलंग आमच्या खोलीत आला. आता त्या दिवसभर आमच्याकडे बघत पडून असायच्या. एका दुपारी त्या म्हणाल्या, “अहो, ती काढा ना आज. मला ऐकायचंय.”

या वेळी ते सील-बील काही बोलले नाहीत. लगेच उठले. ट्रंक उतरवली. ढोल उतरवला. चाकांची पेटी ओढायला गेले तर तिचं चाक फळीत अडकलं. हिसका दिला, तशी वरची सगळी रास हलली. ते घामाघूम झाले. मी खालून जीव मुठीत धरून वाट बघत होते. आणखी दोनच, चष्मेवाले, आणखी दोनच काढा!

“एकट्याला नाही झेपायचं गं,” ते धापा टाकत म्हणाले. “उद्या लेक येतेय. तिच्या मदतीनं काढतो.”

“बरं,” बाई म्हणाल्या. “पण हरणार तुम्हीच.”

दुसऱ्या दिवशी लेक आली, ती बाईंना दवाखान्यात घेऊन जायला. बाई तिथून परत आल्या नाहीत.

नंतर पुष्कळ दिवस त्या खोलीत कुणी आलं नाही. मग एका सकाळी बापलेक आत आले आणि एकेक पेटी उतरवायला लागले. मला उचलून पलंगावर ठेवलं. चष्मेवाल्यांनी बाईंची कात्री आणली आणि प्लास्टिक कापलं. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते शेवटी झालं, आणि मला नको नकोसं झालं. कारण आत काय आहे ते मला ठाऊक होतं.

झाकण उघडलं. घाणेरडा वास आला. स्पंजाचा काळपट चिखल झाला होता. “बाबा, हे काय?” लेक म्हणाली. त्या मैफलीची सीडी चष्मेवाल्यांनी नखानं अलगद सोडवली आणि चष्मा पुसायच्या कापडानं पुसली. आयुष्यभर काचा पुसणारा माणूस तो, पण ते डाग वरचे नव्हतेच. ते आत उतरले होते.

तरी सीडी लावली. पियानो सुरू झाला. मध्येच अडखळला, पुन्हा सावरला. सूर हळू होत गेले, आणखी हळू झाले. दोघंही पुढे वाकली. आणि नेमक्या त्या जागी यंत्र टकटक करायला लागलं. टक, टक, टक. मग एकदम पुढे उडी मारली, आणि स्पष्ट ऐकू आलं. चुर्र. चुर्र. चुर्र. गोळीचा कागद! संपता संपेना.

खोकला तेवढा गेला होता.

लेकीनं तोंडाला पदर लावला. चष्मेवाले ती चुरचुर शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “केवढा मोठा आवाज होता गं माझा. तू म्हणत होतीस ते खरं.” ते लेकीशी बोलत नव्हते.

लेकीनं हात-पाय गाळले नाहीत. माझ्यासारखी दुसरी पेटी शोधत राहिली. शेवटी एका माणसाकडे सापडली. फोनवर तो मोठ्या अभिमानानं म्हणाला, “काही काळजी करू नका ताई. एकदम जपलेली आहे. अजून सीलसुद्धा फोडलेलं नाही!”

तिनं फोन ठेवला.

आता खोलीतल्या सगळ्या पेट्यांची सीलं फुटली आहेत. चष्मेवाल्यांनी एकेकीतला स्पंज खरवडून काढला. तागे आपल्या कप्प्यात परत गेले, पण त्यांना हात लावणारं कुणी नाही. माझं झाकण आता नीट लागत नाही, त्याचं मला काही वाटत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही माझी एखादी बहीण असेल, पुसूनपुसून ठेवलेली. तिला आज उघडा. ओरखडा पडला तर पडू दे, कोपरा दुमडला तर दुमडू दे. आणि जिला ऐकायचंय, तिला ‘उद्या’ म्हणू नका. एवढं तरी माझं ऐका, कारण या घरात माझं कुणी ऐकलं नाही.

चष्मेवाले रोज दुपारी तीच सीडी लावतात. सूर हळू होत जातात, टकटक जवळ येते. पुढे काय होणार ते त्यांना पाठ आहे. तरी रोज, त्या जागेच्या जरा आधी, ते कान पुढे करतात.