तारखेविना सहा गोळ्या

खरं तर हे मी सांगायला नको. तुरुंगाच्या दवाखान्यातली गोष्ट तिथंच राहावी, असं सिस्टर सगळ्यांना बजावतात. पण मी या क्षणी पिवळ्या डब्याच्या झाकणावर पडून आहे, आणि हा डबा जाळायच्या औषधांचा आहे. जीव टांगणीला लागला की अबोल वस्तूलाही बोलावंसं वाटतं.

मी फिट येऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांची पट्टी. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात दहा गोळ्या होत्या. आता सहा आहेत.

मला आणलं ते शिवणखोलीतल्या एका कैदी बाईसाठी. तिला सगळे शिंपीणबाई म्हणत. सकाळ-संध्याकाळ सिस्टर तिच्या तळहातावर एकेक गोळी ठेवायच्या आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

माझी पाळी येण्याआधीच तिला दोन दिवस लांबच्या कोर्टात न्यायचं ठरलं. कंपाउंडरनं माझ्यातल्या चार गोळ्या कापून सोबतच्या पोलीसबाईंकडे दिल्या. कात्री चालवताना त्याचं लक्ष दाराबाहेरच्या गप्पांत होतं. काप तिरका गेला, आणि गेला तोही नको त्या टोकाला. माझी मुदत तिथंच छापलेली होती.

शिंपीणबाई परतली त्या दुपारी तिनं शिवणखोलीतलं काम दुसरीच्या हवाली केलं, आणि संध्याकाळी सुटून गेली. घाईत मी दवाखान्याच्या कपाटातच राहिले. बाहेर तिला गोळी वेळेवर मिळते का, याचा घोर मला अजून आहे.

पूर्वी अशी उरलेली औषधं सरळ पिवळ्या डब्यात जात. आता नवा नियम आलाय. पट्टी कैद्याच्या हाती गेलेली नसेल, फोडलेली नसेल आणि मुदतीत असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीनं ती दुसऱ्याला देता येते.

काल एक मावशी नव्यानं आत आल्या. त्यांचीही हीच गोळी, पण पिशवी घरीच राहिली. नवीन औषधं सोमवारी येणार. आज शनिवार. सकाळीच त्यांना एक फिट येऊन गेली, ओठ फुटला.

सिस्टरनी मला उचललं. "सहा आहेत. सोमवारपर्यंत नेमक्या पुरतील."

"तारीख बघा," कंपाउंडर म्हणाला. मग त्यानंच मला उलटसुलट केलं आणि त्याचा चेहरा उतरला. "ही मीच कापली होती का?"

"नाही, उंदरानं कापली," सिस्टर म्हणाल्या.

दाराशी उभ्या पोलीसबाई हळूच म्हणाल्या, "शिंपीणबाई रिकाम्या पट्ट्या टाकू द्यायची नाही, कोर्टातला तुकडाही तिनं माझ्याकडून मागून घेतला. उरलेला दोरा त्यांवर गुंडाळायची."

शिवणखोलीतून दोऱ्यांचा डबा आला. तिघं दोरे उलगडायला बसली. पहिल्या दोन पट्ट्यांचे काप सरळ. तिसरी भलत्याच औषधाची. चौथीवरचा निळा दोरा काही संपेना.

"कात्री घेऊ का?" कंपाउंडरनं विचारलं.

"तुम्ही कात्रीला हात लावू नका," सिस्टर म्हणाल्या.

दोरा सुटला. सिस्टरनी तो तुकडा माझ्या कडेला लावला. तिरका काप तिरक्या कापाला भिडला. औषधाच्या नावातलं माझ्याकडचं अर्धं अक्षर तिकडच्या अर्ध्याला जुळलं. तारखेला अजून आठ महिने होते.

पण शेवटचा शब्द डॉक्टरांचा. ते आतल्या खोलीत मावशींपाशी आहेत. तुकडा दाखवायला सिस्टर आत गेल्यात आणि मला इथं, या झाकणावर ठेवून गेल्यात. आतून काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर नाही म्हणाले, तर झाकण उघडायला कितीसा वेळ लागतो?

तुम्हाला एवढंच सांगते. पट्टी कापताना आधी टोक बघा. आणि एकाची गरज संपली म्हणून औषध टाकण्याआधी जाणत्या माणसाला एकदा विचारा, कारण माझ्यासारखी एखादी अजून…

"पट्टी आत आणा," सिस्टरांची हाक आली. "आणि येताना पाण्याचा पेला पण."