हरकत नसल्यास

मी एक जुनी हातोडी आहे. काळ्या अक्रोडाच्या लाकडाची, वीतभर दांड्याची, मानेपाशी एक चीर गेलेली. मी कधी खिळा ठोकला नाही आणि कोणाचे घर बांधले नाही. मित्रांनो, माझे काम एवढेच की सभेत अध्यक्षाने मला आपटले की चाललेले बोलणे थांबते. मला अधिकाराचे चिन्ह म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे. चिन्ह भिंतीवर टांगले तरी निरुपद्रवी असते. माझे तसे नाही. मी ज्या क्षणी ठोकळ्यावर आपटते, त्या क्षणानंतर काही गोष्टी पुन्हा बोलता येत नाहीत. हे नीट ध्यानात घेतल्याखेरीज पुढची हकीकत ऐकू नका.

नेब्रास्का राज्यातील विद्यार्थी व्यापार-नेतृत्व संघ स्थापन झाला, त्या वर्षी माझा जन्म झाला. एका शाळेच्या आवारातला अक्रोड वादळात पडला होता. सुतारकाम शिकवणाऱ्या आल्विन ब्योर्क यांनी त्याचा तुकडा लेथवर धरून मला घडवले, जवसाचे तेल पाजले आणि टंकलेखन शिकवणाऱ्या मिस व्हर्ना कोझाक यांच्या हाती दिले. संघ त्यांच्याच कल्पनेतून निघालेला. पहिल्या अधिवेशनाला अकरा शाळा होत्या. बहुतेक सदस्य मुली. त्या लघुलेखन करीत, हिशेब जुळवीत, पत्रे लिहीत; आणि अध्यक्ष मात्र मुलगा निवडीत. पहिली मुलगी त्या खुर्चीवर बसायला सात वर्षे लागली. हेही मी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही.

पहिला अध्यक्ष लेनर्ट नावाचा उंच पोरगा होता. ‘कोणाची हरकत नसल्यास ठराव मंजूर,’ असे म्हणून त्याने मला तत्काळ आपटले. मिस कोझाक पुढच्या रांगेतून उठल्या.

“गाडी चुकतेय का रे तुझी?”

“नाही, मिस कोझाक. पण कोणी बोलतच नाहीये ना.”

“बोलायला वेळ लागतो माणसाला. एखादी लाजरी मुलगी खुर्चीतून उठेपर्यंत तू तिचं तोंड बंद केलंस. तीन श्वास घे. शेवटच्या रांगेपर्यंत बघ. मग आपट काय आपटायचंय ते.”

सभागृह हसले, लेनर्टचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून तीन श्वासांचा नियम झाला. तो कोठे लिहिला गेला नाही. ही संघाची पहिली चूक. चांगली रीत सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती लिहून ठेवायची नाही, हा समज फार महागात पडतो.

अकराच्या दीडशे शाळा झाल्या. टंकयंत्रे गेली, संगणक आले. निळे कोट आले, चषक आले, सभाशास्त्राच्या स्पर्धा आल्या. त्या स्पर्धांत मुले खोटे ठराव मांडीत आणि खोटीच हरकत घेत. परीक्षक घड्याळ घेऊन बसत. जो चमू अडखळत नाही तो जिंकतो, हे मुलांनी ओळखले. मग खरी सभाही तशीच चालवण्यात त्यांना अभिमान वाटू लागला. भाषणस्पर्धा आणि नाच यांच्यामधल्या फटीत खरे कामकाज बसवले गेले. वीसवीस विषय एका गठ्ठ्यात बांधण्याची सोय निघाली. कोणीही एक प्रतिनिधी उभा राहिला, तर त्याचा विषय गठ्ठ्यातून बाहेर काढून चर्चा करावी लागे. कोणीच उठले नाही, तर माझ्या एका ठोक्यात सगळे मंजूर. तीन श्वासांचे दोन झाले, दोनांचा एक झाला. पुढे अध्यक्ष बोलता बोलताच मला उचलू लागले.

मधल्या काळात माझी स्तुतीही पुष्कळ झाली. माजी अध्यक्ष माझ्यासह छायाचित्रे काढून घेत. तीन वर्षे मी एका खोक्यात पडून होते, कारण प्लास्टिकची चकचकीत हातोडी कोणीतरी भेट दिली होती. ती तुटल्यावर मला पुन्हा बाहेर काढले. तेल मात्र कोणी लावले नाही. माझ्या मानेपाशी चीर पडली ती त्या खोक्यात. ती दरवर्षी केसभर वाढते.

आता एका एप्रिलमधल्या अधिवेशनाविषयी सांगते. अध्यक्ष होता ग्रॅडी ओस्ट्रँडर. प्लम फोर्क हे धान्याचे कोठार, एक शाळा आणि एक चर्च एवढेच असलेले त्याचे गाव. तिथल्या शाळेतल्या संघाच्या शाखेत सहा सदस्य. इतक्या लहान शाखेतून राज्याचा अध्यक्ष निवडून आला, म्हणून गावाने शाळेत चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे गोड रोल अशी मेजवानी घातली होती. ग्रॅडी सभाशास्त्राच्या स्पर्धेत दोनदा पहिला आलेला. सभेपूर्वी तो मला बोटांवर तोलत सचिवाला म्हणाला, “गेल्या वर्षी एकवीस मिनिटं. आपण चौदात उडवू.”

विषयांचा गठ्ठा माझ्याखाली होता. कागद उडू नयेत म्हणून त्याने मलाच त्यावर ठेवले होते. सतरावा विषय होता: शाखांच्या किमान सदस्यसंख्येबाबत सुसूत्रता. बारांहून कमी सदस्य असलेली शाखा एक जुलैपासून बंद. लिहिणाऱ्यांचा हेतू दुष्ट नव्हता. त्यांना कागदपत्रे कमी करायची होती. मी त्या पानावर पडून होते आणि मला तोंड नव्हते.

“हरकत नसल्यास,” ग्रॅडी म्हणाला, आणि ‘मंजूर’ हा शब्द संपण्याआधी मी आपटले गेले.

त्यानंतर पदके वाटली, टाळ्या झाल्या, सभा संपवण्याचा ठराव आला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक मुलगी ध्वनिक्षेपकाकडे धावत आली. थिया यानाचेक, प्लम फोर्कची एकुलती एक प्रतिनिधी. पदके वाटली जात असताना कंटाळून तिने पाने चाळली होती.

“ग्रॅडी! थांब ना!”

“सदस्यांनी अध्यक्षांना नावाने हाक मारू नये.” सभागृह खळखळून हसले.

“बरं, अध्यक्षमहोदय. मला हरकत आहे. सतराव्या विषयाला.”

“हरकतीची वेळ गेली. योग्य प्रस्ताव मांडा.”

“योग्य म्हणजे कसला?”

“ते अध्यक्षांनी सांगायचं नसतं.”

मित्रांनो, हे धडधडीत असत्य होते. ज्याला रीत ठाऊक नाही त्याला ती सांगणे, हे अध्यक्षाचे पहिले कर्तव्य. फेरविचाराचा प्रस्ताव, एवढे दोन शब्द त्याने उच्चारले असते तर सगळे वाचले असते. सभा अजून जिवंत होती. पण तेरा मिनिटे उलटली होती. त्याची मूठ माझ्या दांड्यावर घट्ट झाली. माझी चीर करकरली.

“हरकत नसल्यास सभा संपली.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. चौदा मिनिटे. थिया तशीच मंचावर चढून आली.

“अरे शहाण्या, आपली शाखा बंद केलीस तू.”

“काहीतरीच काय बोलतेस?”

“वाच ना! पान नऊ. आपण किती जण आहोत? सहा. मोजता येतं ना अध्यक्षांना?”

त्याने मला बाजूला सारले आणि वाचले. दोनदा वाचले. मग तो संघाच्या संचालिकेकडे गेला. “मॅडम, सभा परत उघडता येईल का?”

“संपलेली सभा उघडत नाही, ग्रॅडी. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? पुढच्या वर्षी मांडा.”

“पुढच्या वर्षी आम्ही नसणार, मॅडम,” थिया म्हणाली. “मांडणार कोण?”

 जेवणाची घंटा झाली आणि सगळे उठून गेले. ग्रॅडीने कोटावरचे शाखेचे बिल्ले काढून थियाच्या हातावर ठेवले. ती म्हणाली, “मला कशाला? मी तर मुळीच काही मंजूर केलं नाही.”

पुढच्या अधिवेशनात शाखांची नावे वाचली गेली. प्लम फोर्कच्या जागी विराम नव्हता. एका नावावरून दुसऱ्यावर आवाज इतका सहज गेला, की तिथे कधी काही होते असे वाटू नये. त्या एका ठोक्याने एकेचाळीस शाखा गेल्या. त्यांत स्थापनेच्या अकरांपैकी सात होत्या. खुर्च्या कमी लागल्या, म्हणून व्यवस्थापकांनी समाधान व्यक्त केले.

हे सांगण्याचे कारण आहे. मी आज पुन्हा मंचावर आहे. माझ्याखाली बावीस विषयांचा नवा गठ्ठा आहे. अकराव्या पानावर लिहिले आहे की यापुढे प्रतिनिधींच्या मतदानाची आवश्यकता राहणार नाही; सर्व निर्णय संघाचे कार्यालय घेईल आणि अधिवेशन केवळ स्पर्धांसाठी भरेल. समोर तीनशे मुले बसली आहेत. कागद प्रत्येकाच्या मांडीवर आहे. मी इथून पाहते आहे: एकानेही पहिले पान उलटलेले नाही.

मित्रांनो, मला पुसा, तेल लावा, काचेत ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. माझी काळजी घेण्याची वेळ गेली. तुमच्यापैकी कोणी तिथे बसला असेल, तर त्याने पान उलटावे आणि उभे राहावे. योग्य शब्द येत नसतील, तरी उभे राहावे. आजच्या अध्यक्षा हसऱ्या आहेत, हुशार आहेत, त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे. त्यांनी मला उचलले आहे.