लखूचा निळ्या रेघांचा शर्ट

मित्रांनो, मी एक जुना शर्ट आहे. किती जुना, ते मलाही नीट सांगता येणार नाही. माझा कुठला भाग कधीचा आहे, हे फक्त पुतळीला ठाऊक.

१९८३ साली रामनगरच्या बाजारात वासू शिंप्याने मला शिवले, लखूच्या लग्नासाठी. माझ्या निळ्या रेघांमुळे वऱ्हाडी नवरदेवाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होते. ही स्तुती एक दिवस टिकली. दुसऱ्या आठवड्यापासून मी लखूबरोबर कर्नाटकातल्या अणशीच्या रानात बांबू वाहायला जाऊ लागलो.

बांबू वाहणाऱ्याच्या शर्टाचा आधी खांदा विरतो, मग कोपर, मग कॉलर. पण लखूची बायको पुतळी मी फाटायची वाट बघत नसे. ती मला उजेडात धरायची. पलीकडचं दिसायला लागलं, की आतून दुसरा थर लावून बारीक टाके घालायची. कॉलर झिजली तेव्हा तिने ती उसवली आणि उलटी करून बसवली. कोपराला भोक पडलं, तर माझ्याच शिवणीच्या आतले धागे ओढून रफू केलं. परका दोरा दिसला असता ना! शेवटी माझं शेपूट, म्हणजे चड्डीत खोचतात तो भाग, कापून तिने खांद्याला लावलं, रेघेला रेघ जुळवून. शेपटाच्या जागी मैद्याच्या पिशवीचं कापड आलं. गावाला पत्ता लागला नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की गरिबांच्या घरांवर सरकार कौलं घालणार आणि गरीब कोण, ते साहेब स्वतः येऊन बघणार. लखूचं घर गवताने शाकारलेलं. आदल्या पावसात ते एका बाजूने खचलं आणि पेरणीचं भात भिजून कुजलं. आणखी एक पावसाळा ते छप्पर काढणार नव्हतं.

शेजारचा झिलू सल्ला द्यायला आला. त्याच्याकडे अशा प्रसंगांसाठी खास राखलेला एक फाटका शर्ट होता.

"अक्का, उद्या लखूला फाटकंच घालू दे. सायेब गरिबी बघाय येणार हाईत, लगीन न्हाई."

"पावण्याफुडं फाटक्यानं उभं ऱ्हायचं? माझे हात मोडलेत व्हय रे?" पुतळी म्हणाली आणि तिने माझं एक सुटलेलं बटण घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. झिलूचं नाव यादीत लगेच बसलं. मग सगळा गाव मागे घेऊन ते लखूच्या घरात आले आणि कानडीत विचारलं, "कसं चाललंय?"

पाहुण्याने असं विचारलं, की आमच्याकडे उत्तर एकच.

"बरं हाय, सायेब," लखू म्हणाला.

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "शर्ट तर नवाच दिसतो. अशांमुळेच खरे गरीब मागे राहतात." त्यांनी काट मारायला लखूच्या नावावर पेन टेकवलं.

आठ वर्षांत मला कुणी नवा म्हटलं नव्हतं. म्हटलं, ते नेमकं तेव्हा.

"अवो, शर्ट काढा," पुतळी म्हणाली.

"हितं? समद्या गावाफुडं?"

"काढा म्हंते न्हवं!"

तिने मला उलटा केला आणि साहेबांच्या हातात दिला. आतून मी म्हणजे नुसत्या गाठी, थरावर थर, ठिगळांच्या कडा. साहेबांनी शेपटावरची 'मैदा' ही अक्षरं वाचली. खांद्यावरून बोट फिरवलं.

"हे सगळं तुम्ही शिवलं?"

"मग? वासू शिंपी रोज येतोय व्हय हितं?"

झिलू हसला. बाकी कुणी हसलं नाही. मग साहेबांनी मान वर करून छप्पर पाहिलं. ते मघापासून तिथंच होतं. त्यांनी लखूच्या नावापुढे खूण केली आणि मला दोन्ही हातांनी परत दिलं.

पावसाआधी कौलं चढली. पुतळी मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

"नाव लागलं की, मग रुसलीस कुणावर?" लखूने विचारलं.

"आतलं दाखवाय कोण शिवत न्हाई," ती एवढंच म्हणाली.

मित्रांनो, कपडा विरू लागला, की वेळेवर टाका घाला. आम्ही जास्त काही मागत नाही. फक्त दुसऱ्याच्या अंगावरचा टाका दिसला नाही, म्हणून तिथं कधी फाटलंच नव्हतं, असं समजू नका.