बाबांचा आवाज गेला त्या आठवड्यात

मित्रांनो, मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. सुताराने मला घडवले, तेव्हा घरातल्या तिघांनी माझ्याभोवती बसून चार घास सुखाने खावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. घरात आणले तेव्हा आईने माझे किती कौतुक केले! पण बिट्टीच्या गणिताने माझे हाल कुत्रा खाईना!

तिचे बाबा छापखान्यात काम करतात. यंत्रांच्या गोंगाटात बोलून बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला. बिट्टीने अपूर्णांकाचे गणित मांडायचा अवकाश, की "अगं, असं नाही!" म्हणून माझ्यावर दणका! मग तिच्या हातातली पेन्सिल ओढून सगळे गणित स्वतःच सोडवायचे आणि विचारायचे, "कळलं?"

"कळलं," बिट्टी म्हणायची. डोंबल कळलं! दणक्यांनी माझा एक पाय खिळखिळा झाला आणि पोरगी नापास झाली. फेरपरीक्षेतही नापास झाली, तर तिला त्याच वर्गात बसावे लागणार होते. मैत्रिणी पुढे जाणार म्हणून माझ्यावर डोके टेकून ती रडली. मला भारी वाईट वाटले.

बाबा पालकसभेला गेले आणि गणिताच्या बाईंवर एवढे ओरडले, की घसाच बसला. डॉक्टरांनी बजावले, "आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही."

त्या संध्याकाळी ते बिट्टीशेजारी मुकाट्याने बसले. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. बिट्टीने वरचे वर, खालचे खाली मिळवून उत्तर लिहिले, दोन छेद पाच. बाबा लालबुंद झाले. तोंड उघडले, पण नुसती हवा! हात पेन्सिलीकडे गेला.

"थांबा ना बाबा," बिट्टी म्हणाली. "अर्ध्यात भर घातली, तर ते अर्ध्याहून कमी कसं होईल?"

तिने खोडले, पुन्हा मांडले. पाच छेद सहा! बाबांनी मान डोलावली. आठवडाभर ती बोलत होती, ते ऐकत होते. बिट्टी पास झाली.

आवाज परतल्यावर बाबांचे पहिले वाक्य काय असावे? "बघ, मी शिकवलं म्हणून!" कपाळ माझे! आई हसून हसून बेजार झाली.

मित्रांनो, तुमच्या आईबाबांना माझा निरोप द्या. मुलांजवळ जरूर बसा, पण पेन्सिल त्यांच्याच हातात राहू द्या. आणि माझा पाय तेवढा कुणीतरी ठोकून द्या हो!

काल दशांशाचा धडा निघाला. "अगं, असं..." बाबांचा हात उगारलेला. बिट्टीने वर न बघता घशाची गोळी त्यांच्यापुढे सरकवली. बाबांनी ती निमूटपणे तोंडात टाकली आणि हात मांडीवर ठेवले.