मुंगीची तोंडी परीक्षा

बाईंनी पडदा ओढला, पण त्याच्या कड्या अर्ध्यावरच अडकल्या. ओढून पाहिलं, झटका देऊन पाहिला. पडदा काही पुढे सरकेना. उरलेल्या फटीतून शेजारच्या पलंगावरचा दुसरीतला मुलगा मान वाकडी करून बघत राहिला. त्याचा एक हात खांद्यापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बाईंच्या मांडीवरच्या प्रश्नपत्रिकेवर तळ्याचं चित्र होतं, ते त्याने केव्हाच टिपलं होतं.

“बेडूक,” तो म्हणाला.

“अजून प्रश्नच विचारला नाही मी.”

“तरी पण बेडूक.”

पलंगावरची मुंगी हसली नाही. परीक्षेच्या दिवशी मुलं जशी गंभीर होतात तशी ती झाली होती. सकाळीच तिने आजोबांकडून घट्ट वेणी घालून घेतली होती, आणि वॉर्डातल्या निळ्या झग्यावर शाळेचा पांढरा शर्ट चढवला होता. तिचं खरं नाव हजेरीपुरतं. एरवी वर्गात, शाळेत, घरी ती मुंगीच. चौथीत सगळ्यांत लहान चणीची आणि एका जागी घटकाभर न टिकणारी. आता मात्र ती कित्येक दिवस एकाच जागी उताणी पडून होती. झोपाळ्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. पायाला पट्ट्या गुंडाळून त्यांना दोरी बांधली होती. दोरी पलंगाच्या टोकाच्या कप्पीवरून पलीकडे जात होती आणि तिच्या शेवटाला वजनं टांगली होती. पलंगाची पायाकडची बाजू लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, त्यामुळे मुंगी जगाकडे किंचित उलटं बघत असे.

खरं तर ही परीक्षा व्हायचीच नव्हती. हेडसरांनी सरळ मार्ग सांगितला होता: आधीच्या चाचण्यांचे गुण धरा, सरासरी काढा, पोरीला पास करा आणि मोकळ्या व्हा. बाईंनाही ते पटलं होतं, जरा जास्तच चटकन पटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी मुंगीचे आजोबा शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात घेऊन त्यांनी निरोप सांगितला की पोरीला सरासरी नको, परीक्षा हवी आहे. ती म्हणते, इथे हॉस्पिटलात येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, दुखतंय का? दुसरं कुणी काही विचारतच नाही.

“नाव मुंगी, पण हट्ट हत्तीचा,” आजोबा ओशाळून म्हणाले. “तुम्हाला जमणार नसेल तर मी समजावतो तिला.”

जमेल, असं बाई बोलून गेल्या. मग त्यांना हॉस्पिटल आठवलं. ती इमारत त्यांच्या पायाखालची होती. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांची आई तिथेच, वरच्या मजल्यावर वारली होती. तेव्हापासून बाईंची झोप उडाली होती. गोळ्या घेऊन झाल्या, डोक्याला तेल थापून झालं, बहिणीकडे जाऊन राहून झालं, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. वर्गात शिकवताना फळा मध्येच लांब गेल्यासारखा वाटायचा. त्याबद्दल त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. आल्यागेल्याला ‘बरी आहे’ म्हणायची सवय लागली होती.

आज आत येताना त्यांनी जिन्याकडे पाहिलं नाही. नाकासमोर बघत त्या मुलांच्या वॉर्डात शिरल्या, आणि मग जरा थांबल्या. वॉर्डाच्या खिडक्यांना हिरवे पडदे होते. दुपारचं ऊन त्यांतून गाळून आत येत होतं आणि भिंती, पलंग, पोरांचे चेहरे सगळं पाण्याखाली असावं तसं दिसत होतं. छताचा पंखा सावकाश फिरत होता. कुणीतरी मुसमुसत होतं, पण तेही लांबून कुठूनतरी ऐकू यावं तसं.

आजोबांनी बाईंना आपलं स्टूल दिलं. नातीला उत्तर सांगायचा मोह नको म्हणून ते स्वतःहूनच बाहेर व्हरांड्यात जाऊन बसले.

“पहिला प्रश्न,” बाई म्हणाल्या. “वनस्पती आपलं अन्न कुठे तयार करतात?”

“पानांत. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवा घेऊन.” मुंगीने एका दमात सांगितलं. मग जरा घुटमळून तिने विचारलं, जास्तीचं सांगितलं तर गुण कापले जातात का. बाई म्हणाल्या, नाही. तेव्हा तिने सांगितलं की थोड्या वेळाने खिडकीच्या पडद्याच्या फटीतून उन्हाचा एक तुकडा येतो. आधी तो कपाटावर असतो, मग तिच्या पलंगावर चढतो. तो आला की ती त्यात हात धरून ठेवते. पोट काही भरत नाही, पण हात कोमट होतो आणि मग आपोआप झोप येते. झाडांनाही जेवताना झोप येत असेल का?

ते पुस्तकात नव्हतं. बाईंनी पूर्ण गुण दिले आणि उत्तरपत्रिकेवर बरोबरची खूण केली.

मूळ, खोड, बी यांचे प्रश्न भराभर झाले. मुंगी प्रत्येक उत्तरानंतर बाईंच्या लाल पेनाकडे बघे, आणि खूण उमटली की छताकडे नजर वळवून पुढच्याची वाट पाही. शेजारून प्रत्येक प्रश्नाला बेडकाचं उत्तर येत होतंच. बियाला रुजायला काय लागतं? बेडूक. कोणत्या झाडाच्या अंगावर काटे असतात? बेडूक. सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन आल्या, आणि परीक्षा चालली आहे असं कळल्यावर त्यांनी चपला काढल्या, मुंगीला गोळी दिली आणि चपला हातात घेऊन त्या अनवाणीच पुढे गेल्या.

“आता बल. बल म्हणजे काय, आणि त्याचं एक उदाहरण.”

“ढकलणं किंवा ओढणं म्हणजे बल.” मुंगीने बोट आपल्या पायाकडे केलं. “हे. वजनाला खाली जायचं असतं. ते दोरीला ओढतं, दोरी मला.”

बरोबर होतं. खूण करून पुढे जायला हवं होतं. पण बाईंचा हात थांबला.

“मग तू खाली सरकत का नाहीस?”

“हा पेपरातला आहे?”

“नाही. मला वाटलं म्हणून विचारलं.”

मुंगीने डोळे मिटले. मग एकेक गोष्ट तपासून बघावी तशी ती बोलू लागली. पलंग पायाकडून उंच आहे, म्हणून तिचं अंग डोक्याकडे जायला बघतं. वजन पायाकडे ओढतं. दोघांची रस्सीखेच चालते. शिवाय चादर खरखरीत आहे, तीही थोडी धरून ठेवते. सगळे ओढतात म्हणून ती जागच्या जागी राहते.

“बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नुसती पडली आहे,” ती म्हणाली. “पण नुसतं नसतं ते.”

बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

उन्हाचा तो तुकडा कपाटावरून उतरला होता आणि आता पलंगाच्या कडेला लागला होता. बाईंनी प्रश्नपत्रिका उलटली. परिसंस्थेचा प्रश्न शेवटचा आणि सगळ्यांत मोठा होता. त्यांनी तळ्याचं चित्र मुंगीपुढे धरलं: शेवाळ, अळ्या, मासे, बेडूक, पाणसाप, काठावर एका पायावर उभा असलेला बगळा. उत्तर तपासायला सोपं जावं म्हणून त्यांनी उत्तरसूची पलंगावरच उघडून ठेवली.

“या तळ्यातले सगळे बेडूक नाहीसे झाले तर काय होईल?”

फटीतून पाहणाऱ्या मुलाचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याचं एकुलतं एक उत्तर प्रश्नातच गेलं होतं.

“सावकाश सांगू?” मुंगीने विचारलं.

“सांग सावकाश. घाई नाही.”

“आधी कुणाला कळणारच नाही,” मुंगी म्हणाली. “फक्त आवाज कमी होईल. बगळ्याला वाटेल, आज आपणच उशिरा आलो...”

तिचा आवाज औषधाने जड झाला होता. तळ्यावर डास वाढतील, असं ती सांगत होती. आधी थोडे, मग ढगासारखे. पाणसाप दगडाखालून बाहेर येईल, इकडे जाईल, तिकडे जाईल. त्याला भूक लागेल, पण तो कुणाला सांगणार? बगळा दुसरा पाय खाली टेकेल. बाई ऐकत होत्या. ऊन त्यांच्या हातावर आलं होतं. पंख्याची सावली छतावरून, भिंतीवरून, हिरव्या पडद्यावरून पुन्हा पुन्हा जात होती. तळं काठोकाठ भरत होतं आणि पाणी कोमट होतं. मुळं कुठेतरी खाली, चिखलात, घट्ट होती. त्या पाण्यात मुंगीचा आवाज एकेक शब्द सोडत होता, आणि प्रत्येक शब्द तळाशी पोचायला वेळ लावत होता. स्टुलावर बसल्या बसल्या बाईंचं डोकं पुढे झुकलं आणि पलंगाच्या कडेवर, चादरीवर टेकलं.

त्या जाग्या झाल्या तेव्हा वॉर्डात दिवे लागले होते.

काही क्षण आपण कुठे आहोत तेच त्यांना कळेना. गालावर चादरीची वीण उमटली होती. पायांवर कुणीतरी पातळ पांघरूण टाकलं होतं. आजोबा पायथ्याशी उभे होते, आणि त्यांनीच हळू आवाजात सगळं सांगितलं. भेटायची वेळ केव्हाच संपली होती. सिस्टर उठवायला आल्या होत्या, पण मुंगीने त्यांना परत पाठवलं. बाईंनी तिच्यापेक्षा जास्त जागरणं केली आहेत, डोळ्यांवरून कळतं, असं ती म्हणाली. मग तिने सगळ्या पोरांना गप्प राहायला लावलं. जेवणाच्या गाडीची चाकंसुद्धा कर्रकर्र करतात म्हणून सिस्टरांनी ताटं हातांनी आणून दिली. सारा वॉर्ड चिडीचूप जेवला.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या घाईघाईने कागद गोळा करू लागल्या. तेवढ्यात त्यांना उत्तरसूची दिसली. पलंगावर, मुंगीच्या हाताशी, त्यांनी ठेवली होती तिथेच ती होती, पण पालथी घातलेली. पंख्याने उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा पेला ठेवला होता.

“मी बघितली नाही,” मुंगी म्हणाली. “याने बघ म्हटलं होतं. तरी नाही बघितली.”

शेजारचा मुलगा भिंतीकडे वळला.

“माहीत आहे मला,” बाई म्हणाल्या. “माझीच चूक झाली. तुझं उत्तर अर्धंच ऐकलं मी. पुन्हा सांगशील?”

“सांगेन. पण आधी एक सांगायचंय.” मुंगीने शर्टाची कॉलर सारखी केली. “तुम्ही झोपेत प्रश्न विचारत होतात.”

“परीक्षेतले?”

“नाही. पेपरात नव्हता तो. आई, आता पाणी देऊ का, असं विचारत होतात. दोन-तीनदा विचारलंत. कुणी उत्तर दिलं नाही की तुमचं कपाळ असं व्हायचं.” तिने कपाळाला आठ्या घालून दाखवल्या.

बाईंच्या हातातले कागद तसेच राहिले. आई वारली त्या दिवशी डॉक्टरांनी तिचं पाणी बंद केलं होतं. आई मागत होती, आणि बाई ओल्या कापसाने तिचे ओठ टिपत होत्या. विचारून येते, मग देते, असं सांगत होत्या. त्या विचारायला गेल्या होत्या. परत आल्या तोवर पाण्याची गरज संपली होती. हे त्यांनी बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

“मग?” त्यांनी विचारलं.

“मग मी उत्तर दिलं.” मुंगीने आजोबांकडे एकदा बघून घेतलं. “म्हटलं, प्याले मी पाणी. तू झोप आता. तुम्ही आईशी बोलत होतात म्हणून मी ‘तू’ म्हटलं, बाई. रागावू नका. मग तुमचं कपाळ सरळ झालं आणि तुम्ही झोपलात.”

व्हरांड्यातून कुणाच्या तरी चपला वाजत गेल्या. आजोबा खिडकीबाहेर बघू लागले.

“चुकलं का?” मुंगीने विचारलं.

बाईंनी चादरीची सुरकुती हाताने सारखी केली, ती सारखी होती तरी.

“नाही,” त्या म्हणाल्या. “बरोबर आहे.”

मुंगीने सुटकेचा श्वास सोडला आणि मान उशीवर टाकली. मग तळ्याकडे वळायला ती तयार झाली. बाई लाल पेन शोधू लागल्या. त्यांनी पर्स चाचपली, स्टुलाखाली पाहिलं, पांघरूण झटकलं, उशीच्या कडेला हात घालून पाहिला. सगळीकडे शोधून झाल्यावर त्या पुन्हा पहिल्यापासून शोधू लागल्या. शेवटी भिंतीकडे तोंड केलेला मुलगा हळूच इकडे वळला.

“बाई,” तो कुजबुजला, “तुमच्या हातातच आहे.”